पिन लावून झाल्यावर

ज्याच्या ऑफिसात रोटरी जन्माला आली, तो माणूस स्वतः रोटरीत फार काळ टिकला नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघं जमले होते. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, शिंपीकामाची पेढी चालवणारे हायरम शोरी आणि खोलीचे यजमान, खाणींचे इंजिनिअर गुस्टाव्हस लोअर. त्यांतले लोअर आणि शोरी थोड्याच वर्षांत बाजूला झाले. संस्थापकांतच निम्मी गळती! डिस्ट्रिक्टच्या सेमिनारमध्ये पडद्यावर सदस्यसंख्येचे घसरते आलेख दाखवून आम्हा तालुक्याच्या क्लबांची हजेरी घेतली जाते, तेव्हा मला हे लोअरसाहेब आठवतात आणि जरा हायसं वाटतं.

मी स्वतः कोणत्या क्लबची, रोटरीच्या की लायन्सच्या, ते इथे सांगत नाही. कळणाऱ्याला कळेल, आणि नाही कळलं तरी बिघडत नाही. घंटा, पिन, जुलैतलं पदग्रहण, वर्षातून एकदा येणारे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर आणि ते यायच्या आदल्या रात्री रंगवलेला बसस्टॉप हे सगळं दोन्हीकडे सारखंच. यंदा सदस्यवाढीचं खातं माझ्याकडे आलंय. ‘नवीन किती आणले?’ असं मला वरून सारखं विचारलं जातं. गेल्या वर्षी आणलेले सध्या कुठे असतात, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

आणण्याचं शास्त्र आम्हाला चांगलं अवगत आहे. गावात नवीन दवाखान्याचा बोर्ड लागला, बँकेत नवा मॅनेजर आला, कुणाचा मुलगा सीए होऊन परतला, की त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणीतरी पेढे घेऊन पोहोचलेलं असतं. २०२१-२२मध्ये कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. प्रत्येकाने एकाला आणावं, अशी हाक त्यांनी दिली होती. हाक योग्यच होती. आपल्याकडच्या माणसाला आणायला सांगितलं की तो आणतोच. साडू आणतो, भाडेकरू आणतो, पॉलिसीचा हप्ता भरणारा आणतो.

मग पिन लावण्याचा सोहळा. नव्या सदस्याला सहकुटुंब बोलावतात, स्पॉन्सर त्याची ओळख करून देतो आणि त्यात त्याच्या दुकानाचं नाव हटकून चुकवतो. शपथ होते, कोटाला पिन लागते. (मे महिन्यातही कोट. याविषयी मी बोलायचं सोडून दिलंय.) बायकोला गुच्छ, पोरांना चॉकलेट, सगळ्यांचा मिळून एक फोटो. तो फोटो जिल्ह्याच्या पुरवणीत येतो. त्या रात्री त्या माणसाचं जेवढं कौतुक होतं, तेवढं त्याच्या लग्नातही झालेलं नसतं.

पुढच्या मंगळवारच्या सभेला तो वेळेवर येतो. वेळेवर येणारा तो एकटाच. हॉटेलच्या हॉलमध्ये वेटर खुर्च्या मांडत असतो. हळूहळू मंडळी जमतात आणि आपापल्या ठरलेल्या जागी बसतात, कारण त्या खुर्च्यांवर नावं नसली तरी त्या कुणाच्या आहेत हे वेटरलाही पाठ आहे. मग महाबळेश्वरच्या सहलीत कोण कसं घसरलं याची आठवण निघते, सगळे हसतात, तोही अर्धवट हसतो. जेवताना तो प्लेट घेऊन खांबाजवळ उभा राहतो. कुणी त्याच्याशी वाईट वागत नाही. उलट जाणारा-येणारा प्रत्येकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून, “काय साहेब, कसं वाटतंय?” असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पनीरकडे जातो.

तीन-चार महिन्यांत तो यायचा थांबतो. पूर्वी रोटरीत सलग चार सभा चुकल्या की सदस्यत्व जायचं. त्यामुळे परगावी गेलेला रोटेरियन तिथल्या क्लबात जाऊन बसायचा आणि आपली हजेरी भरून काढायचा. २०१६नंतर हे नियम बरेच सैल झाले. जुन्या मंडळींना त्याची चुटपुट आहे, आणि मला त्यांचं म्हणणं थोडं पटतं. नियम जाचक होता खरा, पण तुम्ही आला नाहीत हे निदान हजेरीवहीला तरी कळायचं. आता ते फक्त खजिनदाराला कळतं, आणि तेही जूनमध्ये. वरच्या ऑफिसकडे भरायची वर्गणी १ जुलैला आणि १ जानेवारीला जितकी नावं यादीवर असतील त्यावर ठरते. म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात खजिनदार फोन लावतो, “नाव ठेवायचं की काढायचं?” वर्षभरात क्लबकडून त्या माणसाला आलेला तो पहिला फोन असतो. तो म्हणतो, “काढा साहेब, वेळच मिळत नाही हो.”

‘वेळ मिळत नाही’ हे मी खूप ऐकलंय आणि आता त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. ज्याला वेळ मिळत नाही तोच माणूस गणेशोत्सवाच्या मंडळात रात्री दोनपर्यंत मांडवाचे बांबू बांधत असतो. माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बोलतात. सुई टोचताना लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मीही त्यांना बोलतं करते. सोडून गेलेल्या सदस्यांची खरी कारणं मला सभेत कधी कळली नाहीत, ती या खुर्चीत कळली.

त्यातलं सर्वांत मोठं कारण पैशाचं आहे, पण वर्गणीचं नाही. वर्गणी किती ते आधीच माहीत असतं, माणूस त्या तयारीनेच येतो. अडचण होते ती सभेत आकडे पुकारले जातात तेव्हा. शाळेला बाकं द्यायची ठरतात, अध्यक्ष आवाहन करतात आणि पहिल्या रांगेतून आवाज येतो, “माझ्याकडून अकरा हजार.” मग पाच, परत पाच, मग एकवीस, टाळ्या. हे वारं रांगा ओलांडत मागे येतं. मागच्या रांगेत कृषी सेवा केंद्रवाला बसलेला असतो. यंदा पाऊस लांबलेला, शेतकऱ्यांकडे उधारी अडकलेली, कंपनीचे पैसे द्यायचे राहिलेले. त्याला हजार रुपये द्यायचे असतात आणि ते त्याने मनापासून दिले असते. पण अकरा आणि एकवीसच्या मागून हजार हा आकडा तोंडातून निघत नाही. तो पाच म्हणतो, घरी जाऊन बायकोला सांगत नाही आणि पुढच्या मंगळवारी दुकान उशिरा बंद करतो. हे मला त्याने स्वतः सांगितलं, साखर तपासायला आला होता तेव्हा. आमच्याकडे पूर्वी एक वयस्कर कापड दुकानदार खजिनदार होते. ते सभेत आकडा पुकारूच देत नसत. दुसऱ्या दिवशी सायकलवरून दुकानोदुकानी जात, चहा पीत आणि जे मिळेल ते वहीत न दाखवता लिहून घेत. त्यांच्या काळात किती पैसे जमले ते मी पाहिलेलं नाही, पण त्या काळातले सदस्य अजून टिकून आहेत.

दुसरं कारण सांगायला लोकांना जास्तच लाज वाटते. ते म्हणजे इंग्रजी. सभेत बोलायचं मराठीत, भांडायचं मराठीत, पण माइक हातात आला की ‘रिस्पेक्टेड प्रेसिडेंट’. एका बांधकाम ठेकेदाराला आम्ही एकदा आभारप्रदर्शन दिलं. गड्याने ते पाठ केलं होतं, मुलीकडून लिहून घेतलं होतं, तरी मधे अडकला. कुणी हसलं नाही, पण तो परत आला नाही. आता आमचं निम्मं कामकाज मराठीत चालतं. उरलेलं निम्मं गव्हर्नरांसाठी राखून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे गव्हर्नरही बहुतेक वेळा मराठीच असतात.

माणसं चुकीच्या कारणासाठी क्लबात येतात, अशीही तक्रार ऐकू येते. विमा एजंट गिऱ्हाईक शोधायला येतो, नवा डॉक्टर पेशंटसाठी येतो, कुणाला पुढे नगरपालिकेचं तिकीट हवं असतं. येऊ देत की! पॉल हॅरिस तरी काय सेवा करायला बसला होता का? व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या छोट्या गावात वाढलेला हा वकील शिकागोत एकटा पडला होता. गावाकडे जशी ओळखीची माणसं असतात तशी इथे असावीत, एवढंच त्याला हवं होतं. क्लबच्या पहिल्या घटनेत उद्देश दोनच होते, सभासदांच्या धंद्याला हातभार आणि आपसातला स्नेह. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको, असाही नियम होता.

मग १९०६मध्ये एक प्रसंग घडला. सदस्यवाढीच्या सेमिनारमध्ये दुसरं काहीही न सांगता फक्त हा प्रसंग सांगावा, असं मला वाटतं. डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला एका सदस्याने क्लबात यायचं आमंत्रण दिलं. त्याने घटना वाचली आणि नकार दिला. नुसतं एकमेकांचं भलं करणाऱ्या संस्थेत मला रस नाही, शहरासाठी तुम्ही काही करता का, असा त्याचा सवाल होता. आता अशा माणसाचं आमच्याकडे काय झालं असतं? ‘जरा शहाणाच दिसतो’ म्हणून त्याचं नाव डायरीतून खोडलं असतं. हॅरिस आणि मंडळींनी त्याला सांगितलं, तू ये आणि जे कलम हवंसं वाटतं ते तूच लिही. कार्टर आला. शहराचं हित आणि नागरिकांमधली आस्था हा तिसरा उद्देश त्याने लिहिला. पुढे शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून क्लबने खटपट केली. त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात तिथून झाली. म्हणजे ज्याला आज आपण सेवाभावी क्लब म्हणतो, त्यातली सेवा आणली ती नंतर आलेल्या माणसाने. ती येऊ शकली, कारण आधीच्यांनी घटनेवर हात ठेवून ‘आमच्याकडे असंच असतं’ असं म्हटलं नाही.

आम्ही तेच म्हणतो. कागदावर सगळं बदलत राहण्याची सोय आहे. दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, कितीही चांगला असला तरी वर्षाने उतरतो. जेसीजचा नियम तर याहून कडक, चाळीस वर्षं झाली की सक्रिय सदस्यत्व संपलं. संस्था बांधणाऱ्यांना माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता. पण आम्ही त्यातूनही वाट काढली. अध्यक्ष उतरतो आणि माजी अध्यक्ष होतो, आणि माजी अध्यक्षाला मुदत नसते. रक्तपेढीशी बोलणं एका माजी अध्यक्षाकडे, मामलेदार कचेरी दुसऱ्याकडे, माइक तिसऱ्याकडे. यांतली कामं त्यांनी उत्तम केली आहेत, पदरचे पैसे घालून केली आहेत. म्हणूनच ती सोडवत नाहीत. नव्यासाठी मग उरतं काय? खुर्च्या मोजणं, बॅनर बांधणं आणि फोटोत डावीकडून शेवटचं उभं राहणं.

यांतलेच निम्मे लोक दर वर्षी सप्ताहात असतात. तिथे त्यांचं वागणं बघावं. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, म्हणून पहाऱ्याची यादी लागते आणि रात्री दोनच्या पहाऱ्याला एखाद्या कोवळ्या पोराचंही नाव असतं. त्याची वेळ झाली की वीणा त्याच्या गळ्यात जाते. आधीचा वाकून त्याच्या पाया पडतो, तो याच्या. मग वय, पद, कुणी आधी किती वर्षं वीणा धरली, काही निघत नाही. तिथे असं वागणारा माणूस मंगळवारी नेत्रशिबिराची वही मात्र कपाटाला कुलूप लावून ठेवतो.

ही नेत्रशिबिराची वही आमच्याकडे फार वर्षं एका ज्येष्ठांच्या ताब्यात होती. क्लब आणि डोळे यांचं नातं जुनं आहे. १९२५मध्ये हेलन केलर ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी लढणारे योद्धे व्हा, असं त्यांनी आवाहन केलं. तेव्हापासून लायन्सने हे काम आपलं मानलं, आणि आपल्याकडे तर बोर्ड कुठलाही असो, मोतीबिंदूचं शिबिर ठरलेलंच. गावोगावची म्हातारी माणसं सकाळी सातपासून शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. नाव लिहा, अक्षरांचा तक्ता दाखवा, डोळ्यांत थेंब घाला, रक्तदाब बघा, साखर बघा (ती मी बघते), मग ज्यांचं ऑपरेशन ठरेल त्यांना बसने मोठ्या दवाखान्यात न्या, पट्टी सोडल्यावर परत आणा. त्यानंतर पुन्हा तपासणीला बोलवायचं असतं, आणि तिथे आमचं घोडं अडायचं. निम्मे पेशंट यायचेच नाहीत. आम्ही म्हणायचो, लोकांना किंमत नाही.

मग त्या ज्येष्ठांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वही घरी ठेवून उपयोग नव्हता, म्हणून ती नाइलाजाने एका नव्या सदस्याकडे गेली. याचं एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान. तीन महिने खांबाजवळ जेवून झालेला, बहुतेक जूनची वाट बघत असलेला. त्याने वही उघडली आणि पेशंटचे फोन लावायला लागला. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की नोंदणीच्या वेळी म्हातारी माणसं पुण्याला किंवा मुंबईला असलेल्या मुलाचा नंबर सांगतात, कारण तोच त्यांना पाठ असतो किंवा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. मुलगा कंपनीत शिफ्टवर. तो ‘सांगतो’ म्हणतो आणि विसरतो. याने पुढच्या शिबिरापासून वहीत एक रकाना वाढवला, शेजाऱ्याचा किंवा गावातल्या किराणा दुकानाचा नंबर. पेशंट यायला लागले. इतकी वर्षं आमच्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, हे कुणाला सुचलं नाही. ज्याचं पोटच फोन नंबरांवर चालतं, त्याला सुचलं. तो टिकला, हे सांगायला नको. तो आता मंगळवारी उशिरा येतो आणि स्वतःची खुर्चीही राखून ठेवतो, म्हणजे रोग लागलाच.

जुनी मंडळी सांगतात की पल्स पोलिओच्या रविवारी नवीन-जुनं असं काही नसायचं. १९९५पासून देशभर ती मोहीम चालली. बूथ इतके आणि हात इतके कमी, की जो समोर दिसेल त्याच्या हातात डोसाची पेटी द्यायची. पोराच्या करंगळीला शाई लावायला अनुभव लागत नव्हता. हावड्यात १३ जानेवारी २०११ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्या रविवारांत क्लबला चिकटलेली माणसं अजून आहेत. काम माणसांपेक्षा मोठं असलं की कुणी ते धरून बसू शकत नाही. बारा खुर्च्या वाटायच्या कार्यक्रमाला चाळीस सदस्य असले की मात्र भांडणं होतात.

मला क्लबात घेतलं तेव्हाची गोष्ट वेगळी. मी आधी बायको म्हणून यायचे. बायकांसाठी तिथे वेगळी नावं, वेगळे खेळ आणि संक्रांतीचं वाण असायचं. रोटरीच्या जागतिक नियमांत १९८९पर्यंत स्त्रियांना सदस्यत्व नव्हतंच, लायन्सने १९८७मध्ये दार उघडलं. रोटरीचं दार उघडायलाही सदस्यांची टंचाईच कारण ठरली. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे गावच्या क्लबला माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी १९७७मध्ये तीन स्त्रियांना घेतलं आणि त्याबद्दल क्लबचीच मान्यता गेली. ही मंडळी कोर्टात गेली, स्वतःला ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवत सभा घेत राहिली आणि १९८७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पुढे सिल्व्हिया व्हिटलॉक ही स्त्रीच त्या क्लबची अध्यक्ष झाली. आमच्याकडे एवढं काही घडलं नाही. रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन तपासायला दर वेळी मलाच बोलवावं लागायचं, तेव्हा हिशेबाला सोपं पडावं म्हणून मला सदस्य करून टाकलं. सगळे अजून मला ‘वहिनी’च म्हणतात. माझ्यानंतर आलेल्या दोघींना मात्र नावाने हाक मारतात, हे मी मुद्दाम घडवून आणलंय.

आणि जाणारे सगळेच काही नाराज होऊन जात नाहीत. तालुक्याच्या क्लबातून बदल्यांमुळे दर दोन-तीन वर्षांनी चांगली माणसं उठून जातात. बिहारचा एक बँक मॅनेजर आमच्याकडे होता. इथल्या शिबिरांत फिरून फिरून त्याने मराठी शिकून घेतली, शिव्यांसकट. बदली झाली आणि गेला. डिस्ट्रिक्टच्या आलेखात तो आमच्या नावावर गळती म्हणून लागला आहे. नव्या गावी तो क्लबात गेला असेल तर तिथे वाढ म्हणून लागला असेल.

सध्या आमच्याकडे वेगळंच वारं आहे. त्या मोबाइलवाल्याने ठराव आणलाय, मंगळवारचं रात्रीचं जेवण बंद करून महिन्यातल्या दोन सभा रविवारी सकाळी सात वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, चहावर घ्याव्यात. त्याचा हिशेब साधा आहे. वर्गणीचा मोठा भाग जेवणावर जातो, दुकानदारांना रात्री नऊशिवाय निघता येत नाही आणि सकाळी तिथे गेलं की काम समोरच असतं. माजी अध्यक्षांचा कट्टा खवळलाय. “मग क्लब कशाला, मॉर्निंग वॉकच करू,” असं एकजण म्हणाले. माझा नवरा वकील आणि माजी अध्यक्ष, दोन्ही. तो ठरावाच्या विरोधात बोलणार आहे आणि त्याने मुद्देही काढून ठेवलेत. त्यातला पहिला मुद्दा घटनेतल्या कलमाचा आणि दुसरा पनीरचा आहे. मी ठरावाला अनुमोदन दिलंय. माझ्या मोजणीप्रमाणे दोन मतं कमी पडतात. कृषी सेवा केंद्रवाला अजून यादीवर आहे, जूनमध्ये त्याने नाव काढलेलं नाही. त्याला आणि माझ्यानंतर आलेल्या दोघींपैकी एकीला आज लॅब बंद झाल्यावर फोन करायचा आहे.